बंडवाल्यांचा पाहुणचार

दिवाळी अंकवाल्या ताई म्हणाल्या, "वैनी, तुमच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हटलं, "माझा कसला धंदा, आयुष्यभर भाकऱ्या थापल्या." त्या हसल्या. म्हणाल्या, "तो नाही हो, दुसरा." दुसरा कुठला ते अख्ख्या बदलापूरला ठाऊक आहे, आणि मी इतकी वर्षं कानावर हात ठेवत आले. आता गुडघे गेले, फार्महाऊस सुटलं. मांजर्लीत लेकाच्या फ्लॅटमध्ये बसून नदीचं पाणी पार्किंगमध्ये आलं का ते बघायचं, एवढंच काम उरलंय. तेव्हा लिहिते. ज्यांची खुर्ची जायची ती गेली, ज्यांची राहायची ती राहिली. कोणाला राग आलाच, तर त्यांनी आमच्याकडे खाल्लेली कोंबडी आठवावी.

बारवी धरणाच्या रस्त्याला आत एक फार्महाऊस होतं. मालक मुंबईचे, वर्षातून दोनदा येणारे. बाकी सगळं मी आणि आमचे हे सांभाळायचो. ह्यांच्याकडे फाटक, माझ्याकडे चूल. साखरपुडे, वाढदिवस, ऑफिसांच्या पिकनिका. एकदा फोन आला, "फॅमिली ग्रुप आहे, चार-पाच दिवस राहील." आली फॅमिली. सगळे बाप्ये, सगळे पन्नाशीचे, एकाच्याही हातात बॅग नाही आणि एकमेकांकडे बघायला कोणी तयार नाही. मी ह्यांना म्हटलं, "ही कसली हो फॅमिली?" हे म्हणाले, "आपल्याला काय करायचंय." आमच्या ह्यांचं हे आयुष्यभराचं वाक्य आहे. लग्नाच्या वेळीसुद्धा तेच म्हणाले असणार.

ती फॅमिली म्हणजे एका ग्रामपंचायतीचे फुटलेले मेंबर होते. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरपंच नकोसा झाला की मेंबर मंडळी तहसीलला लिहून देतात की आमचा ह्यांच्यावर विश्वास नाही. मग तिथला साहेब सभेचा दिवस ठरवतो, सभेला येतो आणि डोकी मोजतो. पुरेशी भरली तर सरपंच घरी. आता अर्ज दिल्यापासून सभेपर्यंत मध्ये काही दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत डोकं फिरायला कितीसा वेळ लागतो? एखाद्याला सासरा दम देतो, एखाद्याला मेहुणा रडून दाखवतो. म्हणून बंडाचा जो पुढारी असेल तो सगळ्यांना गाडीत घालून लांब नेऊन ठेवतो. आमच्याकडे. डोकी सांभाळायची आणि सभेच्या सकाळी होती तेवढी परत द्यायची, हा आमचा दुसरा धंदा.

ह्याचे नियम मी घालून दिले होते. आल्या आल्या फोन पापडाच्या डब्यात. तरी एकाने दुसरा फोन मोज्यात लपवून आणला आणि स्विमिंग पूलमध्ये उभा राहून "मस्त लाइफ" असा स्टेटस टाकला. तासाभरात त्याचा सरपंच फाटकावर. ताट सगळ्यांना सारखं, मेंबर मोठा असो की लहान. बाहेरचा निरोप आत नाही, आतला बाहेर नाही. अगदीच नड असली तर निरोप मी सांगणार, सगळ्यांसमोर, मोठ्याने, ज्याने आणलंय त्याच्या तोंडावर. कोणी मला कोपऱ्यात बोलावून कुजबुजलं की मी ऐकूच येत नसल्यासारखं करायचे.

जागा गुप्त, असं येणारा प्रत्येक जण समजायचा. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "बंडवाल्यांच्या फार्मवर" म्हटलं तरी तो सरळ आणून सोडायचा.

जेवणावरून मला कळायचं कोण टिकणार. पहिल्या दिवशी सगळ्यांना चिकन, दुसऱ्या दिवशी मटण. तिसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन हळूच विचारायचं, "वैनी, सुकट हाय का? नि भाकरी?" म्हणजे घर आठवायला लागलं. ज्याने म्हशीची चौकशी केली तो चौथ्या दिवशी पळणार, हे मी ह्यांना आधी सांगून ठेवायचे. बायको आठवली म्हणून पळालेला मात्र मी एकही पाहिला नाही.

बाई मेंबर असली की तिचा नवरा बरोबर यायचा. बैठकीत बोलणार तो, पत्ते खेळणार तो, आणि मत बाईचं लागतं म्हणून तिलाही आणायचं. ती बिचारी सकाळी उठून माझ्या ओट्याशी उभी. "द्या, कांदा चिरते." मी सुरी द्यायचे. आज वाटतं, सुरी काढून घेऊन तिला एकदा तरी पत्त्यांच्या डावात बसवायला हवं होतं.

पण बंडवाल्यांपेक्षा मला खुर्चीवरची माणसं बघायला फार आवडायची. कारण बंडवाले सगळे सारखेच. खुर्चीवरचा माणूस, आपल्या पायाखालचं जाजम ओढतायत हे कळल्यावर काय करतो, त्यात खरी गंमत.

मांजर्लीतल्याच एका सोसायटीचे चेअरमन होते. पंपाची चावी जानव्याला बांधून फिरायचे. त्यांच्याविरुद्ध कट करायला लोक आमच्याकडे वर्षासहल म्हणून आले. चेअरमनना कुणकुण लागली. त्यांनी काय करावं? टाकी रिकामी होऊ दिली आणि पंप बंद करून बसले. म्हणजे परत आल्यावर लोकांची आंघोळीला पाणी मागताना शरणागती. आता ह्यात एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात नव्हती. सहलीला त्यांची बायकोही आली होती. चिखलाने माखलेली ती बाई घरी गेली, नळ सोडला, फूस. दोन मिनिटांत पंप चालू झाला. चावी तेव्हापासून तिच्या मंगळसूत्राला आहे आणि सोसायटी बरी चाललीय म्हणतात.

दुसरा नमुना उल्हासनगरच्या कॅम्प चारचा. तिथल्या छोट्या कारखानदारांची एक संघटना होती, अध्यक्ष एक म्हातारे सिंधी शेठ. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मेंबरांनी ठरवलं, आता दादांना घरी बसवायचं. आमच्याकडे जमले. दुपारी बघते तर दादांची गाडी फाटकात. डिकीतून दाल-पकवानाचे डबे काढतायत. आत आले, सगळ्यांच्या मधोमध बसले आणि म्हणाले, "भाई, मैं भी तंग आ गया हूँ इस प्रेसिडेंट से. निकालो उसको. मैं तुम्हारे साथ हूँ." कोणाला हसावं की पळावं कळेना. दादांनी स्वतःच्या कारभारातल्या चुका अशा घडाघडा सांगितल्या की बंडवाल्यांना माहीत नव्हत्या त्याही समजल्या. संध्याकाळपर्यंत बंडाचं पुढारीपण दादांकडे. पुढच्या महिन्यात जुना अध्यक्ष हटला आणि नवीन अध्यक्ष म्हणून दादा बिनविरोध आले. त्या दिवशी जाताना मला म्हणाले, "बेटी, गुस्सा करनेवाला हार जाता है. भूख लगी है तो पहले खाओ."

मला तेव्हा वाटलं, ह्यापुढे काही बघायचं उरलं नाही. तेव्हा अजून बेबीताई भेटायच्या होत्या.

बेबीताई धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावच्या सरपंच. बुटक्या, अंगाने भरलेल्या, कपाळाला मोठं कुंकू. बोलताना समोरच्याकडे बघायच्या नाहीत, कुठेतरी लांब झाडाकडे बघायच्या. माणसाला वाटायचं, ह्यांचं लक्ष नाही. गावात खाली रस्त्याकडची आळी आणि वर डोंगरात वाडी. समोर अख्खं धरण दिसतं, त्याचं पाणी आम्हा शहरवाल्यांच्या नळाला, आणि वाडीतल्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतायत, चढतायत. गावाला नवी पाइपलाइन मंजूर झाली होती. बेबीताई म्हणत, पहिला नळ वाडीला. उपसरपंच पंढरीशेठ म्हणत, पहिली लाइन रस्त्याला, कारण रस्त्याला त्यांनी प्लॉट पाडले होते. बेबीताईंची खुर्ची गेली असती तर वाडीचा नळ गेला असता. एवढा साधा मामला.

पंढरीशेठ मूळ शेतकरीच. जमीन बिल्डरला दिली, बदलापुरात फ्लॅट घेतला, अंगावर कायम पांढरे कडक कपडे आणि पायात पांढरे बूट. त्यांनी मेंबर फोडले. ठराव पास व्हायला जितकी डोकी लागत होती, बरोबर तितकीच त्यांच्याकडे होती. एकही जास्त नाही. अर्ज दिला आणि सगळ्यांना घेऊन आले आमच्याकडे.

फक्त एक झालं. शेठनी हे सगळं नेमकं आषाढात केलं, भाताच्या लावणीच्या तोंडावर.

ही चूक मुंबईचा माणूस करणार नाही, तो कोणाला तरी विचारेल. गावातला माणूस करणार नाही, त्याला विचारावं लागत नाही. ही चूक फक्त जमीन विकून बदलापुरात फ्लॅट घेतलेला माणूसच करू जाणे.

पहिला दिवस मजेत गेला. पूलमध्ये उड्या, चिकन, पत्ते. पाऊस चांगला लागून राहिला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर पूल रिकामा. सगळे व्हरांड्यात ओळीने बसून पावसाकडे बघतायत. त्यांच्यात काळूमामा म्हणून एक वयस्कर मेंबर होते. गावात त्यांची ख्याती अशी, की दोरी बांधल्याशिवाय त्यांच्या शेतात रोप लागत नाही. भाताची एकेक ओळ सरळ पाहिजे म्हणजे पाहिजे. लावणीला येणाऱ्या बायका त्यांना मागून हसायच्या, पण पीक बघून गप्प बसायच्या. मी चहा घेऊन गेले तर काळूमामा म्हणाले, "वैनी, रोप जून होतोय."

मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर कळलं. भाताचं रोप आधी एका तुकड्यात दाट वाढवतात, मग उपटून चिखलात लावतात. त्याचे दिवस ठरलेले. दिवस उलटले की रोप जून होतं, मग लावलं तरी पीक येत नाही. काळूमामांचा मुलगा अंबरनाथला कंपनीत, त्याला रजा नाही. घरी एकटी सून. संगीता म्हणून एक बाई मेंबर होती, तिच्या घरी तर नवरा-बायको दोघंही आमच्याकडे, मागे एकटी म्हातारी सासू. सगळ्यांचं हेच. मतं आमच्याकडे सुरक्षित, वर्षाचा भात मात्र शेतात जून होतोय.

काळूमामा शेठना म्हणाले, "एक दीस जाऊन येतू." शेठ म्हणाले, "मामा, चार दिवसांचा प्रश्न आहे. नवीन कपडे शिवलेत तुम्हाला." काळूमामा पुन्हा पावसाकडे बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसलेली. हे फाटकावरून धावत आले. हे धावतात म्हणजे काहीतरी भयंकर. "अगं, सरपंचबाई आलीय. एकटी. तूच ये, आपल्याला काय करायचंय."

छत्री घेऊन गेले. फाटकाबाहेर बेबीताई उभ्या. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर शिव्या देणार. मी दोन्हीची तयारी ठेवली.

"वैनी, मी आत येत नाय. तुमचा नेम मना माहीत हाय. काळूमामांना येवडा इचारा, कोलम कंच्या खाचरात लावू?"

मी म्हटलं, "काय?"

"त्यांच्या शेतात उतरलोय आज सावडीनी. रोप दोन हायत, कोलम नि जया. त्यांची सून म्हनते, मना ठाव नाय कंचा कुठं."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, हाताला हात. बेबीताईंनी गावातल्या बाया गोळा केल्या होत्या आणि आमच्याकडे कोंबडी खात बसलेल्या बंडवाल्यांची शेतं लावायला घेतली होती.

मी म्हटलं, "अहो ताई, पण ती माणसं तुम्हाला खाली खेचायला इथे बसलीत."

"ती सभेत," बेबीताई लांब एका सागाकडे बघत म्हणाल्या. "रोपाला काय ठाव?"

एवढ्या वर्षांत खुर्चीवरच्या कोणी असं काही विचारलं नव्हतं. मी आत गेले आणि नियमाप्रमाणे पंगतीत उभं राहून मोठ्याने म्हटलं, "काळूमामा, सरपंचबाई फाटकावर आल्यात. विचारतायत, तुमचा कोलम कुठल्या खाचरात लावायचा."

शेठचा घास हातात राहिला. काळूमामा उष्ट्या हातानेच हवेत शेताचा आकार काढून म्हणाले, "कोलम वर. खाली पानी तुंबतंय, तिथं जया. नि त्यांना सांगा, दोरी लावल्याबिगर एक काडी लावायची नाय. दोरी पडवीत हाय, खुंटीला."

मी वळले तोच संगीताचा नवरा उठला. "वैनी, आमचा बी इचारा ना. आमचा रोप काढला का?" मग दुसरा. मग तिसरा. कोणाचा बांध फुटलाय का बघायला सांगा, कोणाच्या शेतात शेजाऱ्याचं पाणी घेऊ नका म्हणून सांगा. संगीता पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली, "सासूला खाचरात उतरू देऊ नका, त्यांचा पाय बरा नाय."

शेठ ताडकन उठले. "कोणी काही सांगायचं नाही. ही तिची चाल आहे."

काळूमामा शांतपणे म्हणाले, "शेठ, मत तुमाला दिलंय. शेत नाय दिला."

मी भर पावसात फाटक ते पंगत अशा येरझाऱ्या घातल्या. ज्या बाईला तीन दिवसांनी उतरवायचं तिलाच हे लोक शेतीच्या ऑर्डरी सोडत होते, आणि ती बाई एकेक पाठ करत होती. "काळूमामा, कोलम वर, जया खाली, दोरी पडवीत. संगीताच्या सासूला बांधावर बसवायचं." एकही चुकली नाही. निघताना ह्यांना सहज विचारलं, "दादा, सभेला गाड्या वरच्या रस्त्यानी जातील का खालच्या?" हे म्हणाले, "वरचा खचलाय पावसाने. खालूनच जातील." "बरं," म्हणून त्या चिखल तुडवत निघून गेल्या.

शेठ माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "वैनी, खरं सांगा. कोलम म्हणजे कोण?"

मी म्हटलं, "तांदूळ. तुमच्या ताटात आहे तो."

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "ही बाई देवमाणूस आहे, आणि ही हरणार." धंद्यात राहून माझं मत झालं होतं, की साधं माणूस खुर्चीत टिकत नाही. पुढच्या दोन दिवसांत काळूमामांनी भाकरी मागितली नाही, सुकट मागितली नाही. पण बंडातून कोणी फुटलंही नाही. शब्द दिला म्हणजे दिला, अशी ती माणसं. शेठनी सगळ्यांना गावदेवीच्या पायावर हात ठेवायला लावलं होतं, की सभेत बसल्यावर हात वर करीन.

सभेची सकाळ उजाडली. सगळे पांढऱ्या नव्या कपड्यांत. काळूमामांनी आयुष्यात पहिल्यांदा पॅन्ट घातली होती आणि ते तिच्यात पाय लांब टाकून चालत होते. शेठ मला म्हणाले, "वैनी, संगीताबरोबर बाईमाणूस हवं, तुम्ही चला गाडीत." शंका आपली, कुठे उतरली-पळाली तर. म्हणून पुढचं सगळं मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. नाहीतर माझाच विश्वास बसला नसता.

दोन गाड्या खालच्या रस्त्याने निघाल्या. दोन्ही बाजूंना लावणी झालेली, हिरवीगार. प्रत्येकाचं शेत आलं की खिडकीतून मान बाहेर. "लागला आपला." "आमचा बी लागला." सगळ्यांचे चेहरे उजळलेले. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागूनच काळूमामांचं एक खाचर होतं. ते आलं, आणि काळूमामा ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांबव."

त्या खाचरात रोप लावलेलं होतं, पण कसं? एक ओळ इकडे, एक तिकडे. कुठे मूठभर रोप एकत्र खोचलेलं, कुठे हातभर जागा मोकळी. शेतीतलं ओ की ठो न कळणाऱ्या मलासुद्धा ते बघवेना.

"ह्यो कोनी लावला?" काळूमामा म्हणाले. आवाज असा, की घरात कोणी गेलं असावं.

ते उतरले. शेठही मागच्या गाडीतून उतरले. "मामा, सभा. साहेब येऊन बसला असेल."

"आलो. येवडी ओळ नीट करतू." काळूमामांनी नवी पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळली आणि चिखलात उतरले. ओळ उपटली, सरळ लावली. मग दुसरी. "येवडी ओळ, शेठ." मग तिसरी. शेठ बांधावर उभे राहून घड्याळ बघतायत, हात जोडतायत, गावदेवीची आठवण देतायत. काळूमामा म्हणाले, "सभेत बसलो की हात वर करीन म्हनलोय. बसलो कुठं अजून?"

संगीताचा नवरा म्हणाला, "शेठ, मामा एकटे कवा उरकतील? सगळे उतरलो तर दहा मिन्टांत होईल." शेठना ते पटलं. पटलं म्हणजे, दुसरा उपायच नव्हता, एक डोकं कमी झालं तर ठराव पडत होता. "उतरा रे सगळे, पटपट." आणि मग सगळं बंड पांढऱ्या कपड्यांत चिखलात उतरलं.

आता भात लावणाऱ्या माणसाला चिखलात सोडलं आणि पटपट बाहेर ये म्हटलं, तर तो येतो का? घरचं लावायचं राहिलेलं, त्याची सगळी हौस त्या एका खाचरात फिटायला लागली. कोणी रोप फेकतोय, कोणी झेलतोय. संगीता सगळ्यांच्या पुढे, तिचा हात बघत राहावं असा. शेवटी शेठनीही बूट काढले आणि उतरले, काम लवकर व्हावं म्हणून. किती वर्षांनी पाय चिखलात पडले कोण जाणे. एकदा धपकन बसले. उठले, तोंडाने गावाला शिव्या आणि हाताने लावणी. आणि शेठ जिकडून लावत पुढे जायचे, तिकडून काळूमामा मागोमाग येऊन त्यांचं रोप उपटून परत लावायचे. मी बांधावर बसून पदर तोंडात कोंबून हसले. मला बरोबर नेलं होतं पाळत ठेवायला. मी पाळतच ठेवत होते.

ग्रामपंचायतीत पोहोचलो तेव्हा साहेब बॅगेत कागद भरत होते. ठरल्या वेळेला ठरावाच्या बाजूने कोणीच आलं नाही, ठराव फेटाळला, अशी त्यांची नोंद करून झाली होती. कमरेपर्यंत चिखल झालेले शेठ दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, आम्ही आलोय." साहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. बेबीताई खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "आधी सगळ्यांनी पाय धुवा. मग चा घेऊ." काळूमामा आलेच नव्हते. त्यांचा एक कोपरा राहिला होता.

पुढे वाडीला पहिला नळ आला. मी जाऊन त्याचं पाणी पिऊन आलेय. शेठ वर्षभर आमच्या फार्महाऊसच्या बाजूला फिरकले नाहीत. पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं.

शेठ रागाने गाडी घेऊन निघून गेले, मला तिथेच टाकून. हे न्यायला येईपर्यंत बेबीताई म्हणाल्या, घरी चला. वाट काळूमामांच्या बाकीच्या शेतांवरून जाणारी. वर कोलम, खाली जया. मी चालता चालता थांबले. त्या सगळ्या खाचरांत रोप असं सरळ लागलं होतं की वहीच्या रेघा. एक काडी इकडची तिकडे नाही.

मी म्हटलं, "ताई, ही सगळी खाचरं एवढी सुरेख. मग रस्त्याकडचं तेवढंच कसं हो असं वाकडंतिकडं गेलं?"

बेबीताईंनी लांब डोंगराकडे पाहिलं. "दोरी तुटली, वैनी. ते शेवटाला लावला ना."

पुढे काळूमामांचं घर लागलं. त्यांच्या सुनेने पाणी दिलं, चहा टाकला. मी पडवीत उभी राहून प्यायले आणि सहज खुंटीकडे बघितलं. दोरी होती, नीट गुंडाळून टांगलेली. मी ती काढली आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताखालून सरकवली. एकही गाठ नव्हती.

मागून बेबीताईंचा आवाज आला, "वैनी, चा थंड होईल."